रसिकतेचें मोल

मद्यपान हा आपल्या मध्यमवर्गीय घरांत फार काळपर्यंत चर्चेचा विषयच नव्हता. तें निंद्य होतें, आणि निंद्य गोष्टीची चर्चा करावयाची नसते, एवढ्यावर प्रकरण मिटत असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही स्थिति पालटली आहे. पूर्वीं बैठक संपल्यावर गवयाच्या तानांविषयीं ज्या बारकाईनें बोलणें चालत असे, त्याच बारकाईनें पुण्यामुंबईच्या कांहीं सुशिक्षित घरांत आतां द्राक्षमद्याचा रंग, त्याचा वास आणि जिभेवर मागें रेंगाळणारी चव यांविषयीं बोललें जातें. पिणारा मनुष्य तेथें व्यसनी ठरत नाहीं, रसिक ठरतो. एखाद्या कृत्याचें नांव बदललें म्हणजे त्याचें नैतिक मोलहि बदलतें काय, हा प्रश्न या शब्दांतराच्या पोटांत दडलेला आहे. त्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरण घ्यावयाचें तें शक्य तितकें सौम्य आणि सुसंस्कृत घ्यावें. रस्त्याच्या कडेला पडलेल्या दारुड्याचें उदाहरण घेतलें तर निकाल आधींच लागलेला असतो आणि विचाराला कांहीं कामच उरत नाहीं. म्हणून जपानांतील फेसाळ ‘साके’ घेऊं.

साके म्हणजे तांदुळाचें मद्य. तांदुळांत साखर नसते, पिष्ट असतें. आणि पिष्टापासून परस्पर मद्य होत नाहीं. यास्तव वाफविलेल्या भातावर ‘कोजी’ नांवाची बुरशी वाढवितात. ती पिष्टाची साखर करते, आणि त्याच पिंपांत त्याच वेळीं किण्व त्या साखरेचें मद्य करीत असतें. या दोन क्रियांची चाल एकमेकींशीं जुळती ठेवणें हेंच तेथील मद्यकाराचें कसब होय. या विद्येला युनेस्कोनें २०२४ च्या डिसेंबरांत मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. जुनी साके शांत असते. तिच्यांत बुडबुडे नसतात. फेसाळ साके ही अलीकडची निर्मिति आहे. ‘इचिनोकुरा’ या मद्यशाळेची ‘सुझुने’ १९९८ सालीं बाजारांत आली. पुढें ‘नागाई’ मद्यशाळेनें फ्रान्समधील शॅम्पेनच्या पद्धतीचा अभ्यास करून, बाटलींतच दुसऱ्यांदा आंबवण घडवून आणून, २००८ सालीं स्वच्छ पारदर्शक अशी फेसाळ साके सिद्ध केली. आणि २०१६ सालीं अशा मद्यशाळांनीं मिळून ‘आवासाके’ नांवाचा संघ स्थापिला. बाहेरून वायु कोंबून आणलेले बुडबुडे या संघास मान्य नाहींत. ते आंबण्यांतूनच उपजले पाहिजेत असा त्याचा नियम आहे.

ही साके थंड करून निमुळत्या पेल्यांत ओततात. तळापासून बारीक मण्यांची सर वर चढत राहते. चवीला प्रथम भाताच्या पेजेची अंधुक गोडी आणि मागून किंचित् आंबटपणा. वासांत कोठें तरी पिकल्या फळाची चाहूल. तीव्रता फार नाहीं. कांहीं प्रकारांत मद्यार्क शेंकडा पांचच्या आसपास, तर संघाच्या नियमांत बसणाऱ्यांत दहा किंवा त्याहून थोडा अधिक. साकेभोंवतीं जी रीतभात वाढली आहे तीहि मोठी मनोज्ञ आहे. पंगतींत कोणी आपला पेला आपण भरीत नाहीं. शेजाऱ्याचा आपण भरावा आणि आपला त्यानें भरावा असा शिष्टाचार आहे. परंपरागत विवाहविधींत वधूवर तीन पेल्यांतून तीन तीन घोट घेतात. देवळांत साकेचा नैवेद्य दाखवून मग ती भक्तांस मिळते. शेतांतल्या धान्याचा देव, शेजारी आणि सोयरा यांच्याशीं संबंध जोडणारें हें पेय ‘दारू’ या शब्दांत कोंबावें असें कोणालाहि वाटणार नाहीं. आणि नेमक्या याच ठिकाणीं आपण सावध व्हावयास पाहिजे. कारण हींच सारीं लक्षणें असलेलें एक पेय आपल्या राज्यांत आहे, आणि त्याला मात्र आपण ‘दारू’ या शब्दावांचून दुसरा शब्द दिलेला नाहीं.

धुळें जिल्ह्याचे भाग पाडून १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा झाला. दक्षिणेकडे तापीचें खोरें, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, आणि त्यांच्याहि पलीकडे नर्मदा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें येथील शेंकडा सुमारें एकुणसत्तर लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा जमातींचे. अक्कलकुवें, तळोदें, धडगांव या बाजूंस मोहाचें झाड कुटुंबांतल्या वडील माणसासारखें मानलें जातें. फाल्गुन-चैत्रांत त्याचीं फिकट, मांसल फुलें पहांटेस टपटप गळतात, आणि ऊन चढण्यापूर्वीं बायका व मुलें तीं वेंचून आणतात. वाळविलेलीं फुलें टंचाईच्या दिवसांत भाजून अथवा शिजवून खातात, बाजारांत विकतात. बियांचें तेल निघतें. आणि कांहीं फुलें पाण्यांत घालून आंबविलीं जातात. भाताला साखर होण्यासाठीं बुरशीची मनधरणी करावी लागते. मोहाच्या फुलांत साखर निसर्गानेंच भरून ठेवलेली असते. आंबलेलें तें पाणी भट्टीवर चढवून त्याची वाफ थंड केली कीं मोहाची दारू झाली.

हीहि प्रथम जमिनीवर थोडी सांडून देवतेला आणि पितरांना द्यावयाची असते. अक्कलकुव्याच्या सीमेपलीकडे, गुजराथच्या हद्दींत, देवमोगरा येथें याहा मोगी मातेची यात्रा महाशिवरात्रीच्या सुमारास भरते; नंदुरबारकडील हजारों कुटुंबें तेथें जातात, आणि धान्याबरोबर मोहाची दारूहि मातेस अर्पण होते. लग्न ठरलें, तंटा मिटला, तर त्याची खूण म्हणून एकाच भांड्यांतून ती फिरते. धान्याच्या जागीं फूल आलें एवढें सोडलें तर साकेविषयीं जें जें मनोज्ञ म्हणून आपण वर वाचलें, त्यांतलें बहुतेक सारें येथें आहे. परंतु आपल्या विनोदी वाङ्मयांत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग केवळ टवाळीसाठीं उरला. साके गाळतांना जी प्रथम निघते तिलाहि जपानांत वेगळें नांव आहे आणि तिचे खास चाहते आहेत. तें ऐकून मात्र आपण माना डोलावतों. एकाच्या पेल्यांत आपणांस संस्कृति दिसते, दुसऱ्याच्या भांड्यांत मागासलेपण दिसतें. पेल्याची कांच आणि भांड्याची माती हाच जर भेद असेल तर आपल्या निर्णयाला नीति हें नांव देतां येणार नाहीं.

कायदा हा भेद करून देईल अशी कोणी आशा धरील. त्यानें नवापूरचें रेल्वे स्थानक पाहावें. सुरत-भुसावळ मार्गावरील या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रांत व दुसरा गुजराथेंत आहे. दोन राज्यांची सीमा फलाटावरूनच जाते. दोन्हीं राज्यांचे कायदे मुंबई इलाख्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासूनच निघालेले. पण १९६० नंतर गुजराथनें बंदी कायम ठेविली आणि महाराष्ट्रानें परवान्याची वाट काढली. त्यामुळें परवानाधारकाच्या हातांतली जी बाटली फलाटाच्या एका टोंकाला निर्दोष, तीच चार पावलें चालल्यावर अपराध होते. कायद्याला सीमा असावीच लागते आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. तथापि चार पावलांत पाप-पुण्य बदलत नाहीं, एवढें कोणीहि मान्य करील.

मग तीव्रता? साके केवळ आंबविलेली, मोहाची दारू भट्टींतून काढलेली, अर्थात् पुष्कळ कडक. हा फरक खरा आहे आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. कडक पेय थोड्या वेळांत अधिक नाश करतें. परंतु जे गृहस्थ साकेचें समर्थन तिच्या सौम्यपणावरून करतात त्यांच्याच कपाटांत विलायती व्हिस्कीची बाटली मानानें उभी असते. शिवाय २०२३ च्या जानेवारींत जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट म्हटलें कीं, प्रकृतीस निर्धोक म्हणतां येईल असें मद्याचें कोणतेंच प्रमाण नाहीं. सौम्यतेनें अपाय कमी होतो, नाहींसा होत नाहीं. आणि मग प्रश्न मात्रेचा उरतो, जातीचा राहत नाहीं.

तिसरें उत्तर सर्वांत मोहक आहे. जें पेय देवाला दाखवून, चारचौघांत वांटून, ठराविक प्रसंगींच घेतलें जातें तें संस्कृतीचा भाग होय. जें एकट्यानें, रोज, विकत घेऊन प्यावें तें व्यसन. या उत्तरांत तथ्य आहे. विधि हा मात्रेला बांध घालतो, आणि शेजारी बसलेला मनुष्य हा पुष्कळदां आपल्या विवेकापेक्षां अधिक जागा असतो. परंतु विधीवर सगळा भार टाकतां येत नाहीं. शेजाऱ्याचा पेला भरण्याचा जो शिष्टाचार जपानांत इतका गोड दिसतो, त्याच शिष्टाचारापोटीं कचेरींतल्या वरिष्ठानें भरलेला पेला कनिष्ठाला नाकारतां येत नाहीं. अल्पवयी मुलांच्या पिण्याला बंदी करणारा कायदा त्या देशाला १९२२ सालीं करावा लागला, आणि मद्यमुक्त होऊं पाहणाऱ्यांचा राष्ट्रीय संघ तेथें १९६३ सालीं उभा राहिला. विधि पुरेसा असता तर यांपैकीं कशाचीच गरज पडती ना.

सातपुड्यांतला अनुभव तर याहून बोलका आहे. कारण तेथें विधीच्या आंत राहणाऱ्यांनींच त्याविरुद्ध आवाज उठविला. १९२२-२३ मध्यें दक्षिण गुजराथ व लगतच्या मुलखांत ‘देवी’ची एक विलक्षण चळवळ पसरली. अंगांत आलेल्या स्त्रीपुरुषांच्या मुखानें देवी आज्ञा देई: दारू व ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराची चाकरी करूं नका. पुढें १९३७-३८ च्या सुमारास तळोदें तालुक्यांतील मोरवड येथें गुला महाराजांनीं हजारों भिल्लांना दर सोमवारीं आरतीसाठीं एकत्र जमवून दारू सोडावयास लाविलें. परस्परांना ‘आप’ म्हणून मानानें हांक मारण्याची शिकवण त्यांनीं दिली. १९३८ सालींच त्यांचें देहावसान झालें, पण बंधु रामदास महाराजांनीं तें कार्य पुढें चालविलें. मग १९७२ सालीं शहादें तालुक्यांत श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं जमिनीचा आणि मजुरीचा लढा मांडला. परंतु त्या लढ्यांत उतरलेल्या आदिवासी मजूर स्त्रियांनीं लवकरच स्वतःचा एक प्रश्न पुढें आणला. त्या टोळ्या करून गांवोगांव गेल्या, त्यांनीं दारूचीं मडकीं फोडलीं आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला.

या तिन्हीं घटना शहरांतल्या नीतिवाद्यांनीं घडविलेल्या नाहींत. तेव्हां मोहाची दारू ही केवळ आदिवासींची संस्कृति आहे, तिच्याविरुद्ध बोलणें म्हणजे त्यांचा अपमान, असें म्हणणारा शहरी रसिकहि त्या स्त्रियांपेक्षां स्वतःला शहाणा समजतो. तिची टवाळी करणारा आणि तिचें कौतुक करणारा, दोघेहि तिची किंमत कोण देतें हें विचारीत नाहींत.

ही किंमत समजून घ्यावयाची तर सरकारी तिजोरीकडेहि पाहिलें पाहिजे. मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें घरोघर दारू गाळण्याचा हक्क गेला. मोठ्या भट्ट्या आणि मक्तेदारांचीं दुकानें आलीं. १८९२ च्या एका कायद्यानें तर ठाणें-कुलाब्याकडे मोहाचीं फुलें जवळ बाळगण्यावरहि निर्बंध आला. जें झाडाखालीं फुकट मिळत होतें तें दुकानांतून पैसे मोजून, नाहींतर उधारीनें घ्यावें लागलें. आणि उधारी फेडण्यासाठीं मजुरी गहाण पडली. डेव्हिड हार्डीमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत देवीच्या चळवळीची मीमांसा करतांना दारू सोडणें म्हणजे या मक्तेदारांच्या पाशांतून सुटणें होतें, हें चांगलें उलगडून दाखविलें आहे. जपानांतहि असेंच घडलें. शेतकऱ्यानें घरीं आंबविलेली गढूळ साके १८९९ सालीं बेकायदा ठरली. मद्यावरील कर हा त्या काळीं सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग होता. दोन्हीं देशांत सरकारनें घरच्या पेयाला गुन्हा ठरविलें आणि दुकानच्या पेयाला मान्यता दिली. त्याचें कारण प्रजेचें आरोग्य नव्हतें. दारू तीच, बंदीहि तीच. परंतु वरून उत्पन्नासाठीं लादलेली बंदी आणि खालून सुटकेसाठीं घेतलेली शपथ यांचें नैतिक मोल एक नाहीं.

आतां या सर्वांतून हातीं काय लागतें तें सांगतों. कोणत्याहि सुखाचा न्याय त्या सुखाच्या भोक्त्यानें करावयाचा नसतो. ज्याला त्याची किंमत द्यावी लागते त्यानें करावयाचा असतो. पेय काय आहे, पेला कशाचा आहे, विधि किती जुना आहे, हे प्रश्न दुय्यम आहेत. पहिला प्रश्न असा कीं, या आनंदाचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, आणि त्या माणसाला ‘नको’ म्हणण्याची सोय आहे काय? शहाद्याच्या स्त्रियांचें चवीशीं भांडण नव्हतें. मजुरीचे पैसे, घरांतलें धान्य, पाठीवरचे वळ यांच्या रूपानें त्यांनीं दारूची किंमत वर्षानुवर्षें दिली होती, आणि कोणी त्यांना विचारलें नव्हतें. मडकें फोडणें हें त्यांचें पहिलें मत होतें.

आपल्या वाङ्मयांत हा प्रश्न पूर्वींच येऊन गेला आहे. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकर हा अडाणी मजूर नाहीं, तो बुद्धिमान्, शिकलेला वकील आहे. मध्यमवर्गीय प्रेक्षकांनीं पिढ्यान्‌पिढ्या तें नाटक पाहून डोळे पुसले. परंतु त्यांतला खरा बोध पहिल्या प्याल्याविषयीं आहे असें आपण समजतों, आणि जातें ओढणाऱ्या सिंधूकडे करुणेनें पाहून घरीं जातों. सिंधु हें सुधाकराच्या पापाचें करुण फळ म्हणून आपण पाहतों. त्या खटल्यांतली न्यायाधीश म्हणून तिला कोणी बसविलें नाहीं. नाटकांतली पतिव्रता तो अधिकार स्वतःहि मागत नाहीं. शहाद्याच्या भिल्ल स्त्रियांनीं पन्नासाहून अधिक वर्षांनंतर तो मागितला.

यावर एक आक्षेप येईल. प्रत्येक सुखाची किंमत कोणी ना कोणी देतच असतो. घरांत सणाचा स्वयंपाक होतो तेव्हां चुलीपाशीं कोणी तरी घामाघूम होतेंच. मग काय सर्व सुखें टाकावयाचीं? हा आक्षेप हलका नाहीं. त्याचें उत्तर असें कीं, किंमत असणें हा दोष नाहीं. किंमत देणाराला पंगतींत जागा नसणें हा दोष आहे. जिनें रांधलें तिला ताट वाढलें जातें काय, तिच्या थकव्याची कोणी चौकशी करतें काय, ‘यंदां नको’ असें ती म्हणूं शकते काय, यांवरून सणाचें सुख निर्मळ कीं नाहीं हें ठरतें. मद्याच्या बाबतींत ही कसोटी अधिक कडक लागते एवढेंच. कारण हें सुख भोक्त्याची स्मृतिच प्रथम हरण करतें, आणि ज्याची आठवण ठेवावयाची त्याचाच विसर पाडतें.

आपल्या साहित्यशास्त्रानेंहि याहून वेगळें सांगितलेलें नाहीं. ‘आस्वाद’ हा शब्द आज बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत उतरला आहे. पण तो ज्या परंपरेचा आहे तिनें रसिकाला ‘सहृदय’ असें दुसरें नांव दिलें होतें. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या मतें रसाचा आस्वाद घेतांना ‘हें माझें, हें परक्याचें’ हा भेद गळून पडतो, आणि म्हणूनच दुसऱ्याचें दुःख रंगभूमीवर पाहून माझें हृदय हलतें. ज्याला दुसऱ्याच्या हृदयांत शिरतां येत नाहीं त्याची जीभ कितीहि तल्लख असली तरी त्या शास्त्राच्या हिशेबीं तो रसिक नव्हे. भोजनभाऊ म्हणावा, फार तर पारखी म्हणावा. तेव्हां रसिकतेला नीतीची बाधा असावी काय, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. नीतीचा अंश रसिकतेच्या व्याख्येंतच होता, आपण शब्द घेतला आणि तेवढा अंश मागें ठेवला.

अलीकडे वारे मोहाच्या बाजूनेंहि वाहूं लागले आहेत. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलांवरील बरेचसे निर्बंध उठविले. २०२२ सालीं मध्यप्रदेशानें मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली, आणि नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यांत आदिवासींच्या गटांकडून ती तयार करविण्याची योजना आंखली. फुलें वेंचणाराच्या पदरीं यांतून चार पैसे पडले तर तें चांगलेंच आहे. शेंदीडशें वर्षांपूर्वीं जो हक्क हिरावला गेला त्याचा कांहीं भाग परत येईल. उद्यां हीच दारू निमुळत्या कांचेच्या पेल्यांत, साकेच्या शेजारीं, पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत येईल, आणि आज जे नाक मुरडतात तेच तिच्या फुलाच्या वासावर निबंध लिहितील. त्या दिवशीं आपली अभिरुचि पालटलेली असेल. आपला न्याय पालटला कीं नाहीं, हें मात्र पेल्याकडे पाहून कळणार नाहीं. त्यासाठीं पहांटे झाडाखालीं वांकलेल्या बाईला तिच्या टोपलीचें काय मिळालें आणि तिचा नवरा रात्रीं कसा घरीं आला हें विचारावें लागेल. आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, आपापल्या दिवाणखान्यांतहि विचारावा लागेल.